चंचल मुले आणि आपली जबाबदारी



या व्यासपीठावरून दरवर्षी दहावी-बारावीत उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलामुलींचा सत्कार होतो. तो व्हायलाच हवा. परंतु आज आम्ही ज्या मुलांविषयी बोलणार आहोत, त्यांची नावे सत्काराच्या यादीत सहसा येत नाहीत. ती येतात वर्गशिक्षकांच्या तक्रारीत, शेजाऱ्यांच्या भांडणात आणि पुढे-पुढे शाळा सोडलेल्यांच्या यादीत. कोणी त्यांना द्वाड म्हणतो, कोणी वांड, कोणी वेंधळा, कोणी मठ्ठ. ही मुले आपल्याच घरांतली आहेत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही डॉक्टर नाही. वस्तीतील मुलांचे सायंकाळचे अभ्यासवर्ग चालवणारे आम्ही साधे कार्यकर्ते आहोत. जे सांगणार आहोत ते या विषयातील जाणकारांनी अनेक वर्षे अभ्यास करून जगापुढे मांडलेले आहे. ते आपल्या भाषेत आपल्यापर्यंत पोचवावे, एवढाच आमचा हेतू. कोणाच्या मुलाला काय झाले आहे, याचा निर्णय या सभेत बसून कोणी करू नये, ही पहिली विनंती.

समजण्यासाठी एक मुलगा डोळ्यांसमोर आणू या. त्याला आपण राहुल म्हणू. राहुल चौथीत आहे. सकाळी शाळेला निघताना त्याचा एक मोजा सापडत नाही. वर्गात बाई फळ्यावर गणित घालतात. राहुल पहिली ओळ उतरवतो, तेवढ्यात खिडकीबाहेर कोणीतरी हाक मारते आणि त्याचे लक्ष तिकडे जाते. परत वळून पाहतो तो फळा पुसलेला. बाईंचा प्रश्न पुरा होण्याआधीच तो उत्तर ओरडून मोकळा होतो. खेळात आपली पाळी येईपर्यंत त्याला धीर धरवत नाही, म्हणून सवंगडी त्याला खेळात घेत नाहीत. दर आठवड्याला एक पेन्सिल आणि दर महिन्याला एक पाण्याची बाटली हरवते. त्याला काही येत नाही असेही नाही. तोंडी विचारले तर पाढे धडाधड म्हणतो. पण परीक्षेत पेपरच्या मागच्या बाजूला प्रश्न आहेत, हे त्याने पाहिलेलेच नसते.

आता एक मुलगी पाहू. तिला सुजाता म्हणू. ती सातवीत आहे. तिच्याविषयी कोणाचीच तक्रार नाही, कारण ती कोणाला त्रास देत नाही. ती बाकावर शांत बसते आणि तिचे मन दुसरीकडे असते. गृहपाठ अर्धा राहतो. दळण आणायला पाठवले तर डबा गिरणीतच विसरून येते. प्रगतिपुस्तकात शेरा असतो, 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' घरचे म्हणतात, हिला अभ्यासात गोडी नाही, घरकामाला लावा. राहुलची निदान तक्रार तरी होते. सुजाताकडे कोणाचे लक्षच जात नाही, आणि आठवी-नववीपर्यंत तिचे शिक्षण गुपचूप संपून जाते.

राहुल आणि सुजाता ही नावे आम्ही कल्पनेने घेतली. पण अशी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी काहींना जी अडचण असते तिला वैद्यकशास्त्रात एक नाव आहे. इंग्रजीत तिला थोडक्यात ए.डी.एच.डी. म्हणतात. मराठीत आपण तिला 'अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता' असे म्हणू. हिचे तीन प्रकार दिसतात. काही मुलांत मुख्यतः लक्ष टिकत नाही, सुजातासारखे. काहींत चंचलता आणि उतावळेपणा जास्त असतो. आणि पुष्कळांत हे दोन्ही एकत्र असते, राहुलसारखे.

कोणी म्हणेल, ही सगळी आजकालची फॅडे आहेत, आमच्या लहानपणी असे काही नव्हते. बंधूंनो, तसे नाही. मोबाइल आणि टी.व्ही. यांचा कोणी विचारही केला नव्हता अशा काळात, १८४० च्या दशकात, जर्मनीतील फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी लहान मुलांसाठी केलेल्या चित्रांच्या पुस्तकात जेवणाच्या टेबलापाशी स्थिर बसू न शकणारा मुलगा रंगवला. १९०२ साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर वैद्यकांपुढे व्याख्याने दिली. या मुलांची बुद्धी चांगली असूनही त्यांना स्वतःला आवरता येत नाही, हे त्यांनी मांडले. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना एक औषध देऊन पाहिले. त्यांतील सुमारे निम्म्या मुलांचे शाळेतील काम लक्षात येण्याइतके सुधारले. नावे मात्र बदलत गेली. आजचे नाव १९८७ साली रूढ झाले. नाव नवे आहे, मूल जुनेच आहे.

अशी मुले किती असतात? जगभरच्या अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज शाळकरी वयाच्या मुलांत शंभरांत सुमारे पाच असा आहे. आपल्या देशात कोइंबतूर येथील ७७० प्राथमिक शाळकरी मुलांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आले, आणि गरीब घरांतील मुलांत ते जास्त दिसले. पाहणीची पद्धत बदलली की आकडा बदलतो, म्हणून या आकड्यांना आपण फार घट्ट धरू नये. लहानांतला लहान अंदाज धरला तरी ४० मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक वर्गात असे एखादे मूल बसलेले आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हे मूल असे का वागते? पालकहो, ते मुद्दाम करत नाही. कपाळामागचा मेंदूचा जो भाग आपल्याला आवरतो, 'थांब, आधी हे पुरे कर' असे सांगतो, तो भाग या मुलांत सावकाश पिकतो. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली मुलांच्या मेंदूची चित्रे काढून ही गोष्ट दाखवली. मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ ज्या टप्प्याला इतर मुलांत साडेसात वर्षांच्या सुमारास पोचते, त्या टप्प्याला ती या मुलांत साडेदहाच्या सुमारास पोचते. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा उशीर. राहुल दहा वर्षांचा दिसतो, दहा वर्षांच्या मुलाइतके त्याला कळते, पण स्वतःला आवरण्याची त्याची ताकद सात वर्षांच्या मुलाएवढी असते. सात वर्षांच्या मुलाकडून आपण जेवढे मागतो तेवढेच त्याच्याकडून मागितले, तर त्याची निम्मी भांडणे मिटतील.

ही अडचण बहुतांशी वंशपरंपरेने येते. एकाच घराण्यात ती पुन्हा पुन्हा दिसते. मुलाविषयी बोलणे निघाले की कित्येक वडील म्हणतात, 'मीही लहानपणी असाच होतो.' वेळेआधी किंवा फार कमी वजनाने जन्मलेल्या बाळांत तिची शक्यता वाढते. आईच्या लाडाने ती होत नाही. साखर किंवा गोड खाल्ल्याने होते, हाही समज खोटा आहे. तो तपासून पाहिला गेला आहे आणि तसे आढळलेले नाही. तेव्हा आमची सासरच्या मंडळींना हात जोडून विनंती आहे, की पोरगा ऐकत नाही म्हणून सुनेला बोल लावू नका. तसेच गंडेदोरे आणि अंगारे यांवर पैसा घालवू नका. ज्याला औषधाची आणि समजुतीची गरज आहे, त्याला दोऱ्याचा काय उपयोग?

येथे पालक नेहमी एक शंका काढतात. 'लक्ष लागत नाही म्हणता, मग हा दोन तास टी.व्ही. कसा पाहतो? कॅरम खेळताना कसा हलत नाही?' शंका रास्त आहे. टी.व्ही.वर आणि खेळात दर क्षणाला काहीतरी नवे घडते आणि फळ लगेच हातात येते. अभ्यासाचे फळ महिन्यांनी, वर्षांनी येते. दूरच्या फळासाठी आज कंटाळवाणे काम रेटण्याची जी शक्ती लागते, नेमकी तीच या मुलांत कमी पडते. म्हणून 'चांगले गुण आणलेस तर दिवाळीत सायकल' या आश्वासनाचा राहुलवर परिणाम होत नाही. दिवाळी त्याच्यासाठी फार लांब आहे. त्याला आज, आता, पाच मिनिटांत मिळालेली शाबासकी समजते.

आता दुसरी बाजू. प्रत्येक चंचल मूल या अडचणीतले नसते, आणि हे ध्यानात ठेवणे तितकेच गरजेचे आहे. लहान मूल धावणार, ओरडणार, हे त्याचे वयच आहे. मूल उपाशीपोटी शाळेत आले तर त्याचे लक्ष लागणार नाही. अंगात रक्त कमी असेल, फळा नीट दिसत नसेल, कमी ऐकू येत असेल, तरी ते मागे पडेल. रात्री घोरणाऱ्या, झोप पुरी न होणाऱ्या मुलाचेही तसेच. काही मुले मध्येच दहा-वीस सेकंद टक लावून बसतात, हाक मारली तरी ऐकत नाहीत. तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो. घरात रोज दारू आणि मारझोड असेल, तर ज्याचा कान सदा दाराकडे लागला आहे त्या मुलाने पुस्तकात डोके कसे घालावे? घरी मराठी, आजूबाजूला मराठी, आणि शाळा एकदम इंग्रजी माध्यमाची, अशा मुलाला शिकवलेले समजतच नसेल, तर तेही चुळबुळ करणार. आणि एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, असे अनेक देशांत आढळले आहे. तेव्हा मुलाला घाईने पहिलीत ढकलू नका.

म्हणून निदान जाणकाराकडूनच झाले पाहिजे. यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटो काढून कळेल असेही नाही. डॉक्टर आईवडिलांशी बोलतात, मुलाला पाहतात, शिक्षकांचे मत मागवतात आणि काही ठरलेली लक्षणे तपासतात. लक्षणे निदान सहा महिने टिकलेली असावीत, वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसू लागलेली असावीत, आणि एका नव्हे तर दोन ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही, दिसावीत. शाळेत त्रास आणि घरी काहीच नाही असे असेल, तर आधी शाळेतले कारण शोधावे. घरी त्रास आणि शाळेत उत्तम असेल, तर घराकडे पाहावे. आपल्या मुलाच्या बाबतीत हा साधा विचार कोणत्याही पालकाला करता येईल.

आता शिक्षेविषयी. छडीने विद्या येते ही समजूत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. ज्याचा पाय मोडला आहे त्याला मारून तो धावणार नाही, तसेच ज्याचे अवधान कमी आहे त्याचे ते मारून वाढणार नाही. मार खाऊन राहुल दोन मिनिटे गप्प बसेल, पण तिसऱ्या मिनिटाला तो पुन्हा उठेल. फरक एवढाच, की 'मी वाईट आहे' हे त्याने मनाशी पक्के केलेले असेल. पोटाचे दुखणे औषधाने जाते, पण दहा वर्षे रोज ऐकलेले 'तू कशाच्याच कामाचा नाहीस' हे शब्द पुढे आयुष्यभर छळतात. हीच मुले चौदा-पंधराव्या वर्षी शाळा सोडतात, नको त्या संगतीला लागतात, व्यसनाकडे वळतात. अपघातही यांनाच जास्त होतात. मूळ अडचणीपेक्षा तिच्यावर आपण घातलेले घाव मोठे होतात.

कायद्यानेही या शिक्षेस मनाई आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी आहे. वर्गाबाहेर उभे करून चारचौघांत हिणवणे हाही छळच आहे. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 'तुमच्या मुलाचा दाखला घेऊन जा' असे कोणी म्हटले, तर घाबरून सही करू नका. शांतपणे कायदा दाखवा आणि कार्यकर्त्यांना सोबत घ्या.

शिक्षक बंधू-भगिनींची अडचण आम्हांला कळते. याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण सांगितले आहे, पण प्रत्यक्षात पट कितीतरी मोठा असतो. तरीसुद्धा पैसे न लागणारी काही कामे करता येतात. अशा मुलाला पहिल्या बाकावर, दार आणि खिडकी यांपासून दूर बसवावे. शेजारी एखादे शांत, समजूतदार मूल द्यावे. सूचना एका वेळी एकच, थोडक्यात द्यावी आणि ती त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावी. दहा गणिते एकदम देण्याऐवजी तीन द्यावीत, ती तपासावीत, मग पुढची तीन. त्याच्या पायांना काम द्यावे. फळा पुसणे, वह्या वाटणे, ऑफिसातून खडू आणणे ही कामे त्यालाच सांगावीत. उठण्याची त्याची गरज अशी भागते आणि मानही मिळतो. मधली सुट्टी आणि खेळाचा तास शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नये. ज्याला धावण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचेच धावणे बंद करून काय साधणार? आणि एक छोटी वही ठेवावी. तिच्यात रोज फक्त तीन गोष्टी लिहाव्यात. पाळीने बोलला का, वही पुरी केली का, सामान घरी नेले का. जमले तेथे बरोबरची खूण करावी. ती वही रोज घरी जावी आणि आईने ती पाहावी.

घरी काय करावे? आपली घरे लहान आहेत. एका खोलीत सहा माणसे, त्यातच स्वयंपाक, त्यातच टी.व्ही. हे आम्ही जाणतो. तरी अभ्यासाची एक ठरलेली जागा, भिंतीकडे तोंड करून, आणि ठरलेली वेळ असू द्या. त्या वेळी घरातल्या सगळ्यांनी टी.व्ही. आणि मोबाइल बंद ठेवावेत. एका बैठकीत पंधरा मिनिटे अभ्यास, मग पाच मिनिटे उठून फिरणे, पुन्हा पंधरा मिनिटे. घड्याळ समोर ठेवा, कारण वेळ किती गेला याचा अंदाज या मुलांना येत नाही. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवा. काम सांगताना स्वयंपाकघरातून ओरडू नका. जवळ जा, नावाने हाक मारा, त्याने तुमच्याकडे पाहिले की एकच काम सांगा. 'हातपाय धू, कपडे बदल, मग पाणी भर आणि अभ्यासाला बस' असे चार हुकूम एकदम सोडले, तर पहिला तेवढा लक्षात राहतो. जे चांगले केले ते त्याच क्षणी बोलून दाखवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसापुढे एक चांदणी काढा. पाच चांदण्या झाल्या की त्याच्या आवडीची एखादी साधी गोष्ट करा. शिस्त सोडा असे आम्ही म्हणत नाही. नियम थोडे असावेत, रोज तेच असावेत, आणि आईवडील दोघांचे एकच असावेत. आईने नाही म्हटले आणि वडिलांनी हो म्हटले, तर कोणतेही मूल बिघडेल. पुरेशी झोप, पोटभर नाश्ता आणि रोज तासभर मैदान, हे तर सर्वच मुलांना हवे.

औषधांविषयी पालकांच्या मनात भीती असते. ती समजून घेतली पाहिजे. लहान मुलांत, विशेषतः सहा वर्षांच्या आत, आधी आईवडिलांना वागणूक हाताळण्याचे शिक्षण देतात. मोठ्या मुलांत त्रास जास्त असेल तर डॉक्टर औषध सुचवतात. त्यांतले मिथाइलफेनिडेट हे १९५० च्या दशकापासून वापरात आहे. अॅटोमॉक्सेटिन नावाचे दुसरे औषधही आहे. या औषधांनी भूक कमी होणे, झोप लांबणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून मुलाचे वजन, उंची, नाडी व रक्तदाब वेळोवेळी तपासावा लागतो. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेला एक मोठा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे चांगली आटोक्यात येतात असे त्यात दिसले. औषधाला पालक-शिक्षकांच्या प्रयत्नांची जोड मिळाल्यावर घरातले संबंध आणि मुलाचे इतर वागणेही सुधारले. पण पुढे त्याच मुलांची पाहणी चालू ठेवली तेव्हा या उपचारांतला फरक काही वर्षांत पुसट झाला. यातून आपण एवढेच घ्यावे, की औषध हे चष्म्यासारखे आहे. चष्म्याने अक्षर दिसते, पण वाचायला शिकवावे लागते ते माणसानेच. डॉक्टरांनी दिले तर औषध मनाने बंद करू नका, आणि न विचारता शेजारच्या मुलाला देऊ नका. स्मरणशक्ती वाढवण्याच्या जाहिराती पाहून बाटल्या आणण्यापेक्षा तोच पैसा अंडी, डाळ, भाजीवर खर्च करा.

मदत कोठे मिळेल? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रात पालघर येथूनच सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुले तपासायला येतात. ज्या ३० दोष व आजारांसाठी ही तपासणी आहे, त्यांत अतिचंचलताही आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी शिक्षकांनी आणि पालकांनी अशा मुलाचे नाव आपणहून पुढे करावे, नाहीतर वजन-उंची पाहून मूल पुढे सरकते. तेथून पुढे जिल्हा रुग्णालयातील तपासणी केंद्रात पाठवतात. मुंबईत के.ई.एम., नायर आणि शीव येथील पालिका रुग्णालयांत, पुण्यात ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहेत. तेथे जाणे म्हणजे मूल वेडे ठरणे, हा समज मनातून काढून टाका. घरबसल्या सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते.

आणखी एक बाब. या अडचणीबरोबर पुष्कळ मुलांना वाचन-लेखनाची किंवा गणिताची विशेष अडचणही असते. तिला अध्ययन अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात जे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता आहे. अतिचंचलता मात्र वेगळी नोंदलेली नाही. म्हणून डॉक्टरांना दोन्ही गोष्टी तपासायला सांगा. अध्ययन अक्षमतेचे अधिकृत प्रमाणपत्र असेल तर आपल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. नववी संपेपर्यंत थांबू नका. प्रमाणपत्राला वेळ लागतो, आणि माहिती नसल्यामुळे आपली मुले या सवलतीला मुकतात.

ही मुले पुढे काय करू शकतात, याचे एक उदाहरण जगाला ठाऊक आहे. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याला नवव्या वर्षी हीच अडचण असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. हा मुलगा कशावरही लक्ष केंद्रित करू शकणार नाही, असे त्याच्या एका शिक्षिकेने त्याच्या आईला ऐकवले होते. आई स्वतः शिक्षिका होती. तिने मुलगा टाकून दिला नाही. त्याची ताकद पोहण्याच्या तलावात आहे हे तिने ओळखले. त्याच मुलाने २००४ ते २०१६ या काळात ऑलिंपिकमध्ये २३ सुवर्णपदकांसह २८ पदके मिळवली. प्रत्येक राहुल फेल्प्स होणार नाही, आणि तशी अपेक्षा त्याच्यावर लादूही नये. तो चांगला वायरमन होईल, सुजाता उत्तम परिचारिका होईल, दोघे स्वतःच्या पायांवर उभे राहतील. एवढे झाले तरी आपले काम फळाला आले असे आम्ही समजू. वय वाढते तशी अनेकांची धावपळ कमी होते. लक्ष विचलित होण्याची सवय काहींची मोठेपणीही टिकते, पण ती सांभाळून काम कसे करावे हे शिकता येते. अट एकच, की तोवर त्यांचा स्वतःवरचा विश्वास शिल्लक राहिला पाहिजे.

शेवटी, संस्थेने काय करावे याविषयी तीन सूचना मांडतो. पहिली, संस्थेच्या सभागृहात रोज सायंकाळी दोन तास शांत अभ्यासिका चालवावी. ज्यांच्या घरी कोपरा नाही त्यांना तेथे कोपरा मिळेल. दुसरी, प्रत्येक वस्तीत दोन कार्यकर्त्यांनी अशा मुलांच्या पालकांसोबत रुग्णालयात जाण्याची जबाबदारी घ्यावी. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला केसपेपर कोठे काढायचा आणि कोणत्या खोलीत जायचे हे सांगणारे कोणी नसले, की ती पहिल्याच खेपेला परत फिरते आणि पुन्हा जात नाही. तिसरी, शाळा सोडलेल्या मुलांची यादी करून प्रत्येकाच्या घरी जावे आणि विचारावे, याने शाळा का सोडली? त्या यादीत आपल्याला कितीतरी राहुल आणि सुजाता भेटतील. त्यांच्यापैकी काहींना अजूनही परत आणता येईल.

पालकहो, आज घरी गेल्यावर फार काही करू नका. आपल्या मुलाला दिवसभरात आपण किती वेळा रागावतो आणि किती वेळा शाबास म्हणतो, एवढेच मनाशी मोजून पाहा. उद्यापासून शाबासकीचा आकडा एकाने वाढवा. आणि त्याला ज्या टोपणनावाने आपण हिणवतो, ते नाव आजपासून घरातून हद्दपार करा. आपण त्याचे जे नाव ठेवले आहे, त्याच नावाने त्याला हाक मारा.